हॉलमधल्या फळ्या

आमच्या हॉलमध्ये कार्पेट घातलं ते माझ्या भावाने, आणि उखडून काढलं ते मी. घरात कार्पेट बरं की लादी बरी, असं मला कोणी सहज म्हणून जरी विचारलं, तरी माझं उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय त्याची सुटका होत नाही. शाळेत पोरांना शिकवून शिकवून ही खोड लागली आहे. पण या एका प्रश्नावर मी एवढी का पेटते, हे सांगायचं तर आधी आमच्या लादीबद्दल सांगायला हवं.

आम्ही मूळचे उरणकडच्या गावातले. बाबांचा सगळा जन्म मिठागरात गेला. खाऱ्या चिखलात दिवसभर उभं राहायचं, वाफ्यात धरलेलं मीठ ओढायचं आणि पाटी डोक्यावर घेऊन राशीपर्यंत न्यायची. त्यांच्या टाचांच्या भेगा मी कधी भरलेल्या पाहिल्या नाहीत. पुढे मिठागर बंद पडलं, जमिनी गेल्या, आणि आम्ही पनवेलजवळ विचुंब्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी लग्न केलेलं नाही, ते का हे सांगायची ही जागा नाही. तर मी आईबाबांबरोबर राहिले आणि भाऊ लग्नानंतर पनवेलमध्ये स्टेशनच्या बाजूला राहायला गेला.

फ्लॅटचा ताबा मिळाला त्या दिवशी बाबांनी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांचं तोंड उतरलं. बिल्डरने सगळ्या घरांना एकसारखी खरखरीत, बदामी लादी घातली होती. बाबांनी पायाने ती घासून पाहिली आणि म्हणाले, "ही काय लादी हाय? वाललेला चिखल वाटतंय." झालं. कोरी करकरीत लादी, एक दिवसही कोणी न वापरलेली, फोडून काढली. पनवेलच्या दुकानात बाबा प्रत्येक नमुन्यावर ओणवे होऊन आपलं तोंड दिसतंय का ते बघायचे. दुकानदार म्हणाला, "काका, एवढी गुळगुळीत घेऊ नका, पाय सरकेल." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूट पुढचा नमुना काढला. आमच्या लोकांत नवं घर बघायला आलेला माणूस भिंती, खिडक्या नंतर बघतो, आधी लादी बघतो. लादीत ट्यूबलाइट दिसली पाहिजे, पंख्याची पाती फिरताना दिसली पाहिजेत. वास्तुशांतीला बाबा एकेकाला हाताला धरून आणायचे आणि सांगायचे, "वाक जरा. तोंड बघ आपलं." अख्खी भावकी त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये ओणवी झाली होती.

आईचा तर जीव त्या लादीत अडकला. सकाळी एकदा पुसायची, दुपारी जेवणं झाली की पुन्हा पुसायची, आणि संध्याकाळी कोणी येणार असेल तर तिसऱ्यांदा. चप्पल घालून आत आले आणि आईने नुसतं बघितलं, की मी, शाळेत चाळीस पोरांना गप्प बसवणारी बाई, गुपचूप मागे फिरायची.

आणखी एक गोष्ट होती. दार बाबाच उघडायचे. गावी ओटीवर बसलेला माणूस आल्यागेल्याला 'ये' म्हणतो. फ्लॅटला ओटी कुठली? म्हणून बेल वाजली की बाबा खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीतून उठायचे, "आलो, आलो" म्हणत अख्खा हॉल ओलांडायचे आणि दार उघडून "ये, बस" म्हणायचे. आई स्वयंपाकघरात, म्हणजे दाराच्या हाकेवर असली तरी उघडायची नाही. कुरिअर देणाऱ्यालाही बाबांनी बसवून चहा पाजलेला आहे. घर आपलं आहे हे बाबांना बहुतेक त्या दारातच पटत असावं.

मग बाबांना कंपवात झाला.

हात थरथरायला लागले ते आम्हाला दिसलं. पायांचं मात्र उशिरा कळलं. बेल वाजली की बाबा उठायचे, दोन पावलं टाकायचे, आणि हॉलच्या मध्यात थांबायचे. पाय लादीला चिकटल्यासारखे. वरचं अंग पुढे जायला बघायचं आणि पाय जागचे हलायचे नाहीत. मी विचारायची, काय झालं? बाबा म्हणायचे, "पाय उचलत नाय." त्यांच्यासमोर ती पांढरी, झगझगीत लादी पसरलेली असायची, खिडकीचा उजेड तिच्यात हलायचा, आणि ते तिच्याकडे बघत उभे राहायचे. ज्या लादीसाठी पनवेल पालथं घातलं, तिनेच त्यांना अडवून ठेवलं होतं. मला त्या लादीचा मनापासून राग यायचा, आणि लादीवर राग काढता येत नाही म्हणून तो मी आईवर काढायची.

डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. चालणं चालू ठेवा. बसून राहिले तर पाय जातील, आणि एकदा गेले की परत येणं कठीण. एवढंच काय ते खरं पणाला लागलेलं होतं, बाकी सगळं आमचं भांडण.

असेच एकदा बाबा हॉलमध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण कपाळाला खोक पडली. भाऊ धावत आला. बाबांच्या कपाळावरची पट्टी बघून तो लहान पोरासारखा रडला, आणि डोळे पुसून झाल्यावर लगेच हुकूम सोडायला लागला. तो ऑफिसांच्या इंटिरिअरची कामं घेतो, तेव्हा कार्पेट त्याच्या हातातलंच. "या लादीवर कोणीही पडेल. आपण कार्पेट टाकू. भिंतीपासून भिंतीपर्यंत. पाय सरकणार नाही, आणि पडले तरी लागणार नाही." त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. मी तरीही नको म्हटलं, कारण मला कार्पेट आवडत नाही. हे काही कारण नाही, आणि त्या दिवशी माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं.

त्याची माणसं आली. कार्पेट सरकू नये म्हणून त्यांनी आधी लादीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आडव्या पट्ट्या, थोड्या थोड्या अंतरावर. त्यावर करड्या रंगाचं ऑफिसचं कार्पेट दाबून बसवलं. आई स्वयंपाकघराच्या दारात हातात पोछा घेऊन उभी होती. लादी झाकली गेली तेव्हा ती म्हणाली, "आता मी पुसू काय?" भाऊ हसून म्हणाला, "आई, आता पुसायचंच नाही. सुटलीस." आईच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काही दिसलं नाही.

ती कार्पेटवर केरसुणी मारायची आणि केरापेक्षा कार्पेटचेच तंतू जास्त निघायचे. पहिल्या आठवड्यात बाबांच्या हातून आमटीची वाटी कलंडली. लादी असती तर आईने एका फडक्यात निपटलं असतं. इथे ती गुडघ्यावर बसून घासत राहिली आणि डाग पसरत गेला. पुढे पावसाळा लागला. आमच्याकडे पावसात कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत घातलेलं कार्पेट काय वाळणार? त्याला एक कोंदट वास यायला लागला. त्यात आमच्या घरातला सुका जवळा आणि बोंबील. सगळे वास त्या कार्पेटने आपल्यात मुरवून घेतले. शेजारीण आली की नाकाला पदर लावायची आणि सर्दी झाल्याचं सांगायची.

हे सगळं मी सहन केलं असतं. खरंच केलं असतं. पण बाबा कार्पेटवरही चालेनात. लादीवर त्यांचे पाय निदान थांबायचे. कार्पेटवर ते घासायला लागले. पाऊल पुरतं उचललं जायचं नाही, अंगठा कार्पेटमध्ये अडकायचा, आणि ते पुढे झुकायचे. दोनदा मी जेमतेम धरलं. मग त्यांनी उठणंच सोडलं. बेल वाजली की खुर्चीचे हात घट्ट पकडायचे, दाराकडे बघायचे आणि दार उघडायला आई जायची. आई दार उघडताना बाबांकडे बघायची नाही. मला ते बघवायचं नाही.

भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आता व्हीलचेअरच घेऊ. येत्या रविवारी घेऊन येतो. एक माणूस ठेवू, उचलून बसवायला." फोन स्पीकरवर होता. बाबांनी ऐकलं. बाबा आजारपणात हळू बोलायला लागले होते, कान देऊन ऐकावं लागायचं. पण त्या दिवशी ते स्वच्छ बोलले.

"मना उचलू नको."

भावाला वाटलं मीच काहीतरी बोलले. मी फोन ठेवला. त्या क्षणी माझं ठरलं. व्हीलचेअर वाईट असते असं नाही, ज्याला लागते त्याला ती पाय देते. पण माझ्या बापाचं चालणं संपलं हे माझा बाप ठरवील, कार्पेट नाही. रविवारच्या आत हे हॉलमधून बाहेर जाणार.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, हात धुतले आणि कोपऱ्यातून कार्पेटला कटर लावला. आई आधी "दादाला इचार तरी" म्हणाली, आणि मग तिनेच पदर खोचला. दोघी मिळून आम्ही ते पट्ट्यापट्ट्यांनी कापलं, ओढलं, गुंडाळलं. त्याखालून जो वास आला त्याचं वर्णन मी करणार नाही. बाबा खुर्चीतून बघत होते. टेप मात्र लादीला चिकटून राहिली. पांढऱ्याशुभ्र लादीवर, कार्पेटचे तंतू चिकटून मळकट झालेल्या तपकिरी आडव्या पट्ट्या, एकीपुढे एक, खिडकीपासून जवळजवळ दारापर्यंत. दाराजवळच्या पट्ट्या तेवढ्या कार्पेटबरोबर निघून आल्या होत्या. आईने आपल्या लादीची ती दशा बघितली आणि कपाळाला हात लावला. "खोबरेल लावून काढतंय बघ, सगलं निघंल," म्हणत ती तेल आणायला आत गेली.

तेवढ्यात बेल वाजली. आमची मावरंवाली होती, खाडीची कोलंबी घेऊन आलेली. ती बेल वाजवता वाजवताच बोलायला लागते, म्हणून कळलं. माझे हात चिकट झाले होते. मी ते पुसायला फडकं शोधत होते आणि मागे खुर्ची करकरली.

बाबा उठले होते. त्यांची नजर खाली होती, पहिल्या पट्टीवर. त्यांनी पाय उचलला. घासला नाही, उचलला, आणि पट्टीवर ठेवला. मग दुसरा पाय पुढच्या पट्टीवर. मग पुढच्या. हॉलच्या मध्यात, जिथे ते नेहमी थांबायचे, तिथून ते पुढे निघून गेले. आई तेलाची बाटली घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

पट्ट्या संपल्या तिथे बाबा थांबले. दार जेमतेम काही पावलांवर होतं. समोर पुन्हा कोरी, चकचकीत लादी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "फल्या टाकल्या कोनी? फुडच्या कुटं गेल्या?"

मला एकदम सगळं आठवलं. मिठागरात राशीकडे जायच्या वाटेवर फार चिखल असायचा. तिथे आडव्या फळ्या टाकलेल्या असत, एकेका पावलाच्या अंतरावर. डोक्यावर पाटी घेतलेला माणूस फळी बघायचा आणि पाऊल टाकायचा, आजूबाजूला बघायचा नाही. मी आणि भाऊ दुपारी बाबांची भाकरी घेऊन जायचो तेव्हा बाबा अर्ध्या वाटेवर घ्यायला यायचे आणि पुढे होऊन म्हणायचे, "माज्या मागशी या. फलीवर पाय टाका." भाऊ चिखलाला भ्यायचा. तो बाबांच्या पाठीकडे बघत, त्यांनी पाय ठेवलेल्या फळीवरच पाय ठेवत यायचा.

मी मावरंवालीला दार उघडलं, बाबांना हाताला धरून परत नेलं, आणि आईच्या हातातली तेलाची बाटली काढून घेतली. "एकही पट्टी काढायची नाही," मी म्हणाले. आई म्हणाली, "लोक काय बोलतील? एवरी चांगली लादी." मग तिने बाबांकडे बघितलं आणि माझ्या हातातून बाटली घेऊन आत ठेवून आली.

डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, हो, या आजारात काही जणांना होतं असं. समोर ओलांडायला काही दिसलं की अडलेलं पाऊल सुटतं. सगळ्यांना होत नाही, रोज होईलच असंही नाही. तुमच्याकडे होत असेल तर करा, फक्त जवळ कोणीतरी राहा. मला एवढं पुरेसं होतं. पनवेलच्या बाजारातून मी जिन्याच्या पायऱ्यांना लावतात ती काळी, खरखरीत पट्टी आणली. बाबांना उभं करून त्यांच्या पावलाचं माप घेतलं, कारण त्यांचं पाऊल आता आखूड झालं होतं. जुनी टेप काढली आणि खिडकीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत नव्या पट्ट्या लावल्या. आईच्या आरशासारख्या लादीवर काळे पट्टे. शेजारीण म्हणाली, "हे काय, झेब्रा क्रॉसिंग?" मी म्हटलं, "हो, आमच्या घरातली वाहतूक सुरू झाली आहे."

भावाला फोनवर कार्पेट काढल्याचं कळलं तेव्हा तो भडकला. "तुला डोकं आहे का? परत पडले तर? सगळं तुझ्या मर्जीने चालणार का?" मी म्हणाले, "रविवारी ये आणि बघ." तो म्हणाला, "रविवारी मी व्हीलचेअर घेऊनच येणार आहे." माझा भाऊ माझ्याइतकाच हट्टी आहे, दोघांनी ते एकाच माणसाकडून घेतलं आहे.

तो माणूस मधल्या दिवसांत रोज उठत होता. काही वेळा पट्ट्या असूनही पाय सुटायचे नाहीत. एकदा वळताना तोल गेला आणि मी धरलं. आम्ही तिघं भांडत होतो, घामाघूम होत होतो. आई पट्ट्यांच्या कडा उचकटू नयेत म्हणून त्यांच्यामधला एकेक चौकोन वेगळा पुसायची आणि बडबडायची. पण रोज पुसायची. बाबा खुर्चीत बसले की म्हणायचे, "परत." मी दमायची, ते दमायचे नाहीत.

रविवारी दुपारी बेल वाजली. आई सवयीने दाराकडे निघाली. मी तिचा हात धरला. खुर्ची करकरली. बाबा उभे राहिले, थरथरत, खाली बघत. बराच वेळ काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा बेल वाजली. मग पहिला पाय उचलला गेला.

तिसरी बेल. मग माझा फोन वाजायला लागला. भाऊ बाहेरून हाक मारत होता, "आई! काय झालं? दार उघडा!" त्याच्या आवाजात भीती होती. आईने माझा हात एवढा घट्ट दाबला की बांगड्या रुतल्या. तिला ओरडून सांगायचं होतं, सगळं ठीक आहे, मलाही सांगायचं होतं, पण आम्ही दोघी गप्प राहिलो. दार बाबांचं होतं. ते पट्टीवरून पट्टीवर जात होते, मध्येच थांबत होते, पुन्हा निघत होते. शेवटच्या पट्टीवरून त्यांनी हात पुढे केला. कडी थरथरत्या हाताला दोनदा चुकली, तिसऱ्यांदा सापडली.

दार उघडलं. भाऊ घामाने भिजलेला, एका हातात फोन, बाजूला घडी केलेली व्हीलचेअर. तो जोरात काहीतरी बोलणार होता. समोर बाबांना बघून त्याने आधी हातातला फोन बंद केला.

"किती वाजवशील?" बाबा म्हणाले. "येत व्हतो ना. चपला भायेर काड, आयनं लादी पुसलीय."

भावाने चपला काढल्या. व्हीलचेअर त्याने भिंतीला टेकवून चपलांजवळच ठेवली. आत पाऊल टाकलं आणि ते काळे पट्टे बघून तो थबकला. पट्ट्यावर पाय ठेवायचा की चुकवायचा ते त्याला कळेना. बाबा तोवर हळूहळू, छोटी छोटी पावलं टाकत वळले होते. त्यांना वळायला वेळ लागतो. वळून झाल्यावर त्यांनी मागे न बघता म्हटलं, "माज्या मागशी ये. फलीवर पाय टाक."

भाऊ निघाला. साठीकडे झुकलेला, ऑफिसं सजवणारा माझा भाऊ, बापाच्या पाठीकडे बघत, बापाने पाय ठेवलेल्या पट्टीवरच पाय ठेवत, खिडकीपर्यंत गेला.